मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

फोंड्याला आमच्या बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) संध्याकाळी शिकवणीला बसणाऱ्या मुलांना मी दर वर्षी एकच संख्या देतो: १,२३,४५,६७८. हिचे मूळ अवयव पाडा.

सुरुवात सगळ्यांची बरोबर होते. शेवटचा अंक सम, अंकांची बेरीज ३६, म्हणून २ नेही भाग जातो आणि ९ नेही. इथेच कोणीतरी म्हणतं, "सर, ३ ने जातो, ९ ने जातो, म्हणजे २७ ने पण जाणार." नाही जात. दोन कसोट्यांचा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा ते दोन भाजक सहमूळ असतात, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नसतो. २ आणि ९ सहमूळ आहेत, म्हणून १८ चालतो.

१८ ने भागल्यावर उरतात ६,८५,८७१. खरी परीक्षा आता सुरू होते. ७ ने बाकी ४, ११ ने जात नाही, १३ ने पुन्हा बाकी ४. बहुतेक वह्यांत याच्याखाली रेघ मारून लिहिलेलं असतं, "मूळ संख्या". मला याचं फार वाईट वाटतं, कारण मेहनत झालेली असते आणि धीर तेवढा सुटलेला असतो. १७, १९, २३ करत पुढे चला. ४७ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो १४,५९३. आता थांबायचं कुठे? वर्गमूळापाशी. १२१ चा वर्ग १४,६४१, म्हणजे १२१ च्या आतल्या, ११३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकीनेही भाग जात नाही, तेव्हाच १४,५९३ ला मूळ म्हणायचं.

उत्तर: २ × ३² × ४७ × १४,५९३.

विभाजक किती, हे विचारलं की ३ दोनदा आलाय म्हणून पाच अवयव धरून २⁵ = ३२ सांगतात. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: २ × ३ × २ × २ = २४.

उत्तर जुळत नसेल तर आधी संख्या नीट उतरवली का ते बघा. शेवटचे ७ आणि ८ उलटे पडले तरी बेरीज ३६ च राहते, त्यामुळे ९ ची कसोटी ही चूक पकडत नाही.

कॉम्प्युटरवर वेगळाच घोटाळा होतो. एक्सेल १५ च अंक सांभाळतं. हीच संख्या दोनदा जोडून १२३४५६७८१२३४५६७८ टाइप केली, तर शेवटच्या ८ चा ० होतो. ९ ने भाग जाणारी संख्या मग ९ ने जात नाही, उलट १० ने जाते! रकाना आधी टेक्स्ट करून ठेवला तर अंक टिकतात, पण आकडेमोड पुन्हा १५ अंकांतच होते. अशा संख्यांसाठी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या. त्यात पूर्णांकाचा एकही अंक गळत नाही. अर्थात भाग निःशेष जातो का एवढंच बघायचं असतं, म्हणून बाकी काढायची. साध्या भागाकाराच्या चिन्हाने तिथेही दशांश उत्तर येतं आणि संख्या आणखी मोठी असली तर शेवटचे अंक पुन्हा हातचे जातात.