जुन्या फाइलवर नवी फाइल लिहिली जाऊ नये म्हणून

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याची आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव मी नाशिकच्या कार्यालयात लिनक्सच्या संगणकावर रोज नोंदवतो. एका सोमवारी नवी फाइल जुन्यांच्या फोल्डरमध्ये कॉपी केली. दोन्हींचे नाव एकच असल्याने आदल्या आठवड्याचे भाव मुकाट्याने गेले आणि वहीवरून पुन्हा भरावे लागले. 'सीपी' (फाइल कॉपी करणारी) आणि 'एमव्ही' (फाइल हलवणारी) या आज्ञा पर्याय न दिल्यास सहसा विचारत नाहीत, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

हाताने काम करताना -आय द्यावा:

सीपी -आय भाव.सीएसव्ही जुने/

त्या नावाची फाइल आधीच असेल तर संगणक प्रश्न विचारतो आणि 'वाय' असे उत्तर मिळाले तरच पुढे जातो. -एन दिल्यास असलेली फाइल तशीच राहते. -यू हा पर्याय स्रोत फाइल नवी असेल तरच कॉपी करतो. मात्र तो मजकूर न पाहता फक्त बदलाची वेळ पाहतो, त्यामुळे घड्याळ चुकलेल्या संगणकावरून आलेल्या फाइलींसाठी मी तो वापरत नाही.

रात्री आपोआप चालणाऱ्या कामात उत्तर द्यायला कोणी नसते, म्हणून तेथे -आय निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी असे लिहावे:

सीपी --बॅकअप=नंबर्ड भाव.सीएसव्ही जुने/

यामुळे जुनी फाइल 'भाव.सीएसव्ही.~१~' या नावाने उरते, पुढच्या वेळी '~२~' होते. नुसता -बी दिला तर एरवी नावापुढे '~' लावलेली एकच प्रत राहते आणि पुढच्या वेळी तीही बदलली जाते. ही सोय लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयूच्या 'सीपी'त आहे, मॅकच्या नाही.

खरा धोका '>' या, आज्ञेचे उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये लिहिणाऱ्या चिन्हात आहे, कारण वरचा एकही पर्याय त्याला लागू होत नाही. 'सॉर्ट भाव.सीएसव्ही > भाव.सीएसव्ही' असे लिहिल्यास ओळी क्रमाने लावणारी 'सॉर्ट' आज्ञा सुरू होण्याआधीच शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, ती फाइल रिकामी करते, आणि हाती शून्य ओळी येतात. त्यासाठी 'सॉर्ट -ओ भाव.सीएसव्ही भाव.सीएसव्ही' लिहावे. बॅश या शेलमध्ये 'सेट -ओ नोक्लॉबर' दिल्यावर '>' आधीपासून असलेल्या फाइलला हात लावत नाही. मुद्दाम लिहायचेच असेल तर '>|' वापरावे. 'सेट -ओ नोक्लॉबर' ही ओळ बॅश सुरू होताना वाचते त्या '.बॅशआरसी' फाइलमध्ये ठेवली नाही तर टर्मिनल बंद होताच तिचा परिणाम संपतो.

अडतीवर विंडोज असेल तर तेथील 'कॉपी' आज्ञा हाताने दिल्यास विचारते, पण बॅच फाइलमध्ये (एकापाठोपाठ चालवायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) विचारत नाही. तेथे '/-वाय' लिहावे लागते.