राज्यपद्धती ओळखायची कशी : आधी प्रश्न, मग व्याख्या

पुण्याच्या नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी एमपीएससीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. बहुतेकांच्या वहीत एक तक्ता असतो : राजेशाही, लोकशाही, लष्करशाही, धर्मसत्ता, आणि प्रत्येकीपुढे दोन ओळींची व्याख्या. तो तोंडपाठही असतो. पण इराणमध्ये निवडणुका होतात, मग त्याला लोकशाही का म्हणत नाहीत, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून तक्ता मिटवून ठेवा आणि कुठल्याही देशाला पुढचे प्रश्न विचारा.

सत्तेवरच्या माणसाला घरी कोण पाठवू शकतं? भारतात लोकसभा. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार अवघ्या एका मतानं पडलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षानं संसदेत बहुमत गमावलं तरी त्याची खुर्ची हलत नाही. महाभियोगात, म्हणजे पदावरून हटवण्यासाठीच्या खटल्यात, दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात आणि आजवर एकही राष्ट्राध्यक्ष तसा गेलेला नाही. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला फरक इथेच कळतो. सौदी अरेबियात १९९२च्या मूलभूत कायद्यानं गादी संस्थापक राजाच्या वंशातच ठेवली आहे, तिथे मतदाराचा संबंधच येत नाही.

मग विचारा, उमेदवार कोण ठरवतं? इराणमध्ये लोक राष्ट्राध्यक्ष निवडतात, पण कुणाला उभं राहू द्यायचं हे १२ जणांची पालक परिषद ठरवते. त्यातल्या सहा धर्मपंडितांना थेट सर्वोच्च नेता, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्याही वरचा धर्मगुरू, नेमतो. मतपेटी खरी, पण गाळणी आधीच लागलेली.

तिसऱ्या प्रश्नावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते : फौज कुणाचं ऐकते? म्यानमारची २००८ची राज्यघटना बघा. संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराच्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडावं असा माझा आग्रह असतो. सगळे निवडून आलेले खासदार एक झाले तरी लष्कराचा किमान एक माणूस फुटल्याशिवाय घटना बदलत नाही! संरक्षण, गृह आणि सीमा ही खातीही सरसेनापतीनं सुचवलेल्या माणसांकडे. आँग सान स्यू की यांच्या पक्षानं २०१५ आणि २०२०च्या निवडणुका दणदणीत जिंकल्या, तरी १ फेब्रुवारी २०२१ला लष्करानं सत्ता हातात घेतली. चीनमध्ये लष्कर कम्युनिस्ट पक्षाच्या हुकमतीखाली आहे, एवढं कळलं तरी तिथली संसद कुणापुढे झुकते ते समजतं.

शेवटी बघा, शिक्का कुणाचा आणि कारभार कुणाचा. हे समजायला पुणेकरांना नावापुरती सत्ता असलेल्या लंडनच्या राजापर्यंत जायला नको. १७७४मध्ये सवाई माधवराव अवघ्या ४० दिवसांचे असताना पेशवे झाले. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडून आली, कारभार मात्र बारभाईंच्या, म्हणजे मराठा दरबारातल्या मुत्सद्दी-सरदारांच्या गटाच्या, आणि पुढे त्यांच्यातल्याच नाना फडणवीसांच्या हाती गेला. गादी साताऱ्यात, पद तान्ह्या मुलाकडे आणि निर्णय तिसऱ्याचाच. शनिवारवाड्यापाशी गेलात तर तारखांपेक्षा हे आधी आठवा.

आता सराव म्हणून पुणे महापालिका घ्या. महापौर शहराचे प्रथम नागरिक, पण कार्यकारी अधिकार राज्य सरकारनं नेमलेल्या आयुक्तांकडे आणि खर्चाच्या मंजुरीची किल्ली नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. खर्च करणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच झाला. त्या काळाला पहिला प्रश्न लावून बघा : प्रशासकाला घरी कोण पाठवू शकत होतं? राज्य सरकार. पुणेकर मतदार नव्हे. पूर्ण उत्तर लिहायचं तर गाइड बाजूला ठेवून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडा आणि आयुक्त, स्थायी समिती आणि महापौर यांच्या अधिकारांची कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा.