जर्मन पाककृती इंग्रजीत आणताना ‘एक पुडी’ म्हणजे किती?

केक कडसर का होतो, याचं मूळ एका शब्दात सापडलं: ‘पेकशेन’, म्हणजे पुडी. ‘१ पेकशेन बाकपुल्फर’चं (बेकिंग पावडरची एक पुडी) इंग्रजीत सरळ ‘पॅकेट’ केलं की वाचणारा हाताशी असलेलं १०० ग्रॅमचं पाकीट रिकामं करतो. जर्मन पुडी असते साधारण १५ ग्रॅमची, ५०० ग्रॅम मैद्याला पुरेल एवढी. व्हॅनिला साखरेची पुडी ८ ग्रॅम, सुक्या यीस्टची ७. म्हणून आता पुडी लिहीतच नाही, थेट ग्रॅम लिहितो. ‘फुंड’चंही तेच: तिकडे ५०० ग्रॅम, इंग्रजी पाउंड ४५४.

‘टीएल’ बघून टेबलस्पून लिहिणं ही सर्रास होणारी चूक. तो चहाचा चमचा, ५ मिली. मोठा चमचा ‘ईएल’, १५ मिली. मिठाच्या बाबतीत ही चूक म्हणजे तिप्पट खारट!

‘श्पायझेश्टेर्के’, म्हणजे स्वयंपाकातला स्टार्च, ब्रिटिश वाचकासाठी कॉर्नफ्लोअर, अमेरिकन वाचकासाठी कॉर्नस्टार्च. अमेरिकेत कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं दळलेलं पीठ, त्याने कस्टर्ड नीट आळत नाही. ‘नाट्रोन’ म्हणजे खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे.

‘ऊमलुफ्ट १६०’ म्हणजे पंख्याचा ओव्हन. पंखा नसेल तर १८० अंश लिहावं.