कात्री चालण्याआधी: पडदे, सोफा, कपाट करून घेताना या चुका टाळा

दुकानातली तयार खुर्ची घरी शोभली नाही तर निदान बदलून मिळण्याची आशा असते. मापाने शिवलेला पडदा किंवा तुमच्याच भिंतीसाठी केलेलं कपाट दुसऱ्या कुणाच्या कामाचं नसतं. बिघडलं तरी ते तुमच्याच घरात राहतं आणि रोज डोळ्यांसमोर येतं. मी घरं सजवण्याचं काम करते. फसलेली कामं निस्तरायला बोलावणं येतं तेव्हा बहुतेक वेळा कापड बरं असतं, शिलाईही बरी असते, सुताराचा हातही चांगला असतो. घोळ झालेला असतो तो कापाकापीच्या आधी: माप कधी घेतलं, कुठून घेतलं आणि नमुना कुठे उभं राहून बघितला, इथे.

एकदाच घेतलेलं माप

भिंती सरळ नसतात, हे आधी मान्य करून टाका. ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडला की भिंत झुकलेली दिसते, गुण्या (काटकोनी पट्टी) लावला की कोपरा उघडा पडतो. दोन भिंतींच्या मध्ये कपाट बसवायचं असेल तर खाली, मध्ये आणि वर अशी तीन मापं घ्या. समजा खाली ७२ इंच आलं, मध्ये ७१ इंच ६ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि वर ७१ इंच ४ सूत. खालचं माप धरून केलेलं कपाट वर अडणारच, आणि मग सुतार कपाट तासतो नाहीतर भिंत फोडतो. इथे कपाट ७१ इंचांचं करायचं आणि दोन्ही बाजूंच्या फटीत पट्टी घ्यायची. ती पट्टी सुतार जागेवरच भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून बसवतो. बघणाऱ्याला भिंत सरळ वाटते.

खिडकीच्या चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल तेव्हाही रुंदीची तीन मापं घ्या आणि त्यातलं सगळ्यात लहान धरा. शिवाय दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि त्यात बसवलेला सरळ ब्लाइंड ते तिरकेपण आणखी उठून दाखवेल. अशा खिडकीला ब्लाइंड चौकटीच्या बाहेरूनच लावलेला बरा.

गिलावा, फरशी आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) व्हायच्या आधी घेतलेली मापं फक्त अंदाजापुरती. फरशी बसली की उंची घटते, आणि स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीला टेकतच नाही.

जाता जाता एक गंमत. टेपच्या टोकाचं हुक थोडं हलतं म्हणून टेप खराब झाला असं पुष्कळांना वाटतं. ते मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. हुक कडेला अडकवून मोजलं किंवा आत टेकवून मोजलं, तरी त्याच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून. पडून वाकलेलं हुक मात्र चुकीचं माप देतं. म्हणून माप घेणारा आणि कापणारा यांनी एकच टेप वापरावा.

पडदे: सगळ्यात जास्त चुका इथेच

पहिली चूक क्रमाची. पडदे शिवायला टाकले जातात आणि रॉड नंतर लागतो. रॉड लावणारा ड्रिल जिथे सोयीचं तिथे भोक पाडतो आणि पडदा जमिनीपासून चार इंच वर लटकतो. आधी रॉड किंवा ट्रॅक लावा आणि मग माप घ्या, तेही रॉडच्या वरच्या कडेपासून नव्हे, कडीला पडदा जिथे अडकतो तिथपासून. रॉड चौकटीच्या लगेच वर ठोकू नका. चार ते सहा इंच वर घ्या आणि दोन्ही बाजूंना सहा ते आठ इंच बाहेर काढा. पडदा उघडला की तो काचेवर गोळा न होता भिंतीवर सरकतो, आणि खिडकी आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

दुसरी चूक कापडात केलेली कंजुषी. उदाहरण घेऊ. खिडकी ७२ इंच, दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच धरून रॉड ८८ इंच. पडद्याला चांगल्या चुण्या पडायच्या तर कापडाची रुंदी रॉडच्या दुपटीहून जरा जास्त लागते. ५४ इंची पन्हा (ठाणातल्या कापडाची रुंदी) असेल तर चार पन्हे २१६ इंच होतात, शिलाई आणि कडेच्या दुमडीत काही इंच गेले तरी दोनशेच्या आसपास हाती राहतात. तीन पन्ह्यांत भागवायला गेलात तर १६२ इंच, दुमड वजा जाता त्याहून कमी. असा पडदा ओढला की चुण्या ताणल्या जाऊन दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. बजेट आखूड असेल तर कापड स्वस्त घ्या, पण पन्हे चार घ्या. साधं कापड भरपूर चुण्यांत देखणं दिसतं. महागडं कापड ताणून लावलं की बिचारं दिसतं.

लांबीचा हिशोब असाच कागदावर करा. तयार पडदा ९० इंच हवा असेल तर खालची दुमड ६, वरची ६, म्हणजे १०२. सुती कापड धुतल्यावर आटतं, त्यासाठी ३ इंच धरले की १०५. कापडावर मोठी नक्षी असेल आणि ती दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पन्हा नक्षीच्याच पटीत कापावा लागतो, म्हणजे १२० इंच. चार पन्ह्यांत मिळून ६० इंच, सुमारे दीड मीटर कापड, नुसतं नक्षी जुळवण्यात जातं. हे आधी सांगितलं नाही तर टेलर नक्षी न जुळवता शिवून मोकळा होतो. त्यात त्याची चूक नसते, त्याच्याकडे कापडच नसतं.

आता अस्तर. वरचं कापड सुती आणि अस्तर पॉलिएस्टरचं, हा जोड मी फार घरांत बघितलाय. पहिल्या धुण्यात सुती आटतं, अस्तर तसंच राहतं, आणि पडद्याखालून परकरासारखं डोकावतं. यावर दोन उपाय आहेत. एक तर सुती कापड शिवायच्या आधीच भिजवून वाळवून घ्यायचं. नाहीतर अस्तर खालच्या कडेला न शिवता मोकळं सोडायचं आणि पडदा जेवढा आटेल त्याहून जरा जास्तच आखूड ठेवायचं, म्हणजे आटायला जागा राहते.

आणि झालीच चूक तर? पडदा दोन इंच आखूड पडला तर आधी खालची दुमड बघा. सहा इंचांची असेल तर उसवून दोन इंच सोडता येतात. जुन्या दुमडीची रेघ वाफेच्या इस्त्रीने बरीच जाते, गडद कापडावर मात्र कधी कधी राहते. दुमडीत जागाच नसेल तर खाली वेगळ्या, गडद कापडाची आठ-दहा इंची पट्टी जोडा. ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. दोन इंचांची पट्टी मात्र ठिगळच दिसते. रॉड खाली घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खाली पसरणाऱ्या, फुगणाऱ्या पडद्यांना नवीन कापड लागत नाही. नीट चुण्या पाडून तीन ठिकाणी कापडाच्या पट्टीने सैल बांधा आणि तीन-चार दिवस तसेच ठेवा. वळण लागतं. हलक्या कापडाच्या दुमडीत शिशाची बारीक वजनंही घालतात. कडेने ऊन आत येत असेल तर रॉडची टोकं भिंतीकडे वळलेली घ्या, म्हणजे पडद्याची कड भिंतीला टेकते.

दुकानातल्या दिव्याखाली ठरवलेला रंग

दुकानातला पांढरा लख्ख दिवा आणि घरातला पिवळसर दिवा यांत रंग वेगळा दिसतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात: पिवळसर दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, पांढरे लख्ख ६५०० च्या आसपास. ६५०० केल्विनच्या दिव्याखाली आवडलेला करडा रंग पिवळसर दिव्यात मातकट होतो. म्हणून बोटभर तुकडा पुरत नाही. हातभर नमुना घरी आणा, सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा. आणि वस्तू जशी असणार तसाच धरा: पडद्याचा नमुना खिडकीत उभा, मागून उजेड येऊ देत, गालिच्याचा जमिनीवर आडवा. पडद्याचं कापड टेबलावर पसरून निवडणारे फार आहेत, आणि मागून ऊन आलं की रंग फिका कसा झाला हे त्यांना कोडं पडतं.

लॉट, म्हणजे एका खेपेत रंगवलेलं कापड, हा शब्द पाठ करून ठेवा. कापड रंगवताना प्रत्येक खेपेला छटा किंचित बदलते. माझ्याकडून एकदा हे झालं. एका बैठकीचा सोफा करून झाला आणि दोन महिन्यांनी मालकीणबाईंनी त्याच कापडात दोन खुर्च्या सांगितल्या. नंबर तोच, नाव तेच, मी लॉट विचारलाच नाही. खुर्च्या शेजारी ठेवल्या तेव्हा सोफा निळा आणि खुर्च्या निळ्या-हिरव्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं. शेवटी खुर्च्यांच्या फक्त पाठी त्या कापडात ठेवल्या आणि बसायच्या गाद्या वेगळ्या साध्या रंगात करून दिल्या, माझ्या खर्चाने. तेव्हापासून मी कापड दहा टक्के जास्तच उचलते. उरलेलं उशीला जातं किंवा पुढे फाटलं तर उपयोगी पडतं.

मखमलीत आणखी एक भानगड असते, तिच्या लवेची, म्हणजे वरच्या मऊ केसांची दिशा. एक तुकडा उभा आणि एक आडवा कापला तर एकाच सोफ्याच्या दोन गाद्या दोन रंगांच्या दिसतात. ऑर्डरच्या कागदावर सरळ लिहून घ्या: सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला, वरून खाली.

सोफा: आधी बसून बघा, मग शिवायला द्या

सोफ्याचं चित्र आवडतं आणि चित्रातली खोलवर बैठक तशीच मागितली जाते. बैठक २० ते २२ इंच खोल असली की बहुतेकांचे पाय जमिनीला टेकतात. २५-२६ इंचांवर बुटकी व्यक्ती एक तर पुढे सरकून बसते किंवा पाय वर घेते. घरातलं सगळ्यात बुटकं आणि सगळ्यात उंच माणूस, दोघांना एका बाकावर उशा लावून बसवा आणि तिथे मोजा. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सोफ्याचा आकार आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला. चालायला अडीच-तीन फूट आणि सोफा व टीपॉय यांच्यात सोळा-अठरा इंच राहत नसेल तर सोफा मोठा झालाय.

फोमच्या बाबतीत डेन्सिटी आणि कडकपणा एकच समजू नका. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो. फोम किती वर्षं टिकेल ते त्यावरून कळतं. मऊ की कडक हा वेगळा हिशोब आहे. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो, आणि हलका फोम आज कडक वाटून वर्षभरात बसतो.

उशीला चेन आहे म्हणजे खोळ धुता येते, असंही नाही. पुष्कळदा ती चेन फोम आत घालण्यापुरतीच असते. धुतली की खोळ आटते आणि फोम पुन्हा आत जात नाही.

सोफा घरात शिरणार कसा, हे विचारायला लोक लाजतात. दार, लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण, तिन्ही मोजा. साडेसात फुटांचा अखंड सोफा वळणावर अडकून पाय काढूनही न हललेला मी बघितलाय. दोन भागांत करून खालून पट्टीने जोडला तर शिलाईची रेघ एक जास्त दिसते, पण काही बिघडत नाही.

गालिच्याबद्दल एवढंच: लहान घेऊ नका. सोफ्याचे पुढचे पाय तरी त्यावर यायला हवेत, आणि जेवणाच्या टेबलाखाली खुर्ची मागे ओढल्यावरही तिचे चारही पाय गालिच्यावर राहायला हवेत. त्यासाठी टेबलाच्या चारी बाजूंना दोन-दोन फूट लागतात.

कपाट: झुकलेल्या फळ्या, वाकलेली दारं

हँगरला आत मोकळी जागा लागते, म्हणून उघडणाऱ्या दारांचं कपाट बाहेरून २४ इंच खोल हवं. सरकत्या दारांना दोन-तीन इंच जास्त, कारण दारं एकामागे एक धावतात. ही जागा धरली नाही की शर्टाच्या बाह्या दारात अडकतात.

१८ एमएम प्लायची फळी तीन फुटांपेक्षा लांब ठेवून त्यावर पुस्तकं लावली की ती मध्ये झुकणारच. झुकली असेल तर उलटी करून बसवणं ही तात्पुरती मलमपट्टी. मध्ये उभा आधार द्या, किंवा पुढच्या कडेला दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रू मारा. दार धनुष्यासारखं वाकलं असेल तर बाहेरून लॅमिनेट आणि आतून नुसता रंग असं केलेलं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही बाजूंना लॅमिनेट लागतं, नाहीतर एक बाजू ओढली जाते. असं वाकलेलं दार सरळ करण्याच्या नादी मी लागत नाही, नवीन करायला सांगते.

दार खाली आलं, शेजारच्या दाराला घासतंय, एवढंच असेल तर सुताराला बोलवायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या. आधी बिजागरीचे लाकडात गेलेले स्क्रू सैल झालेत का बघा. भोक मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून, वाळल्यावर स्क्रू परत घट्ट करा. ते ठीक असेल तर बिजागरीवरच्या समायोजनाच्या स्क्रूंकडे वळा. एकाने दार डावी-उजवीकडे सरकतं, एकाने आत-बाहेर, आणि प्लेटवरचे सैल केले की वर-खाली. एका वेळी पाव फेराच द्या, दार लावून बघा आणि मग पुढचा स्क्रू. वरची आणि खालची बिजागरी आळीपाळीने फिरवायची, नाहीतर दार सरळ होण्याऐवजी दुसरीकडे कलतं.