कोकणच्या पावसात सोसायटीचं खत कसं टिकवायचं

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ ही गावं बघता बघता शहरं झाली. पूर्वी घरामागे परस असायचं, परसात केळीच्या बुंध्याशी खड्डा असायचा आणि ओला कचरा तिथेच जिरायचा. आता त्याच जागेवर चाळीस बिऱ्हाडांची इमारत उभी आहे आणि परस गाडी लावायला गेलं आहे. मग सोसायटी हौसेने खताचे हौद बांधते. डिसेंबरात सुरू केलेला हौद मेअखेरपर्यंत छान चालतो. जुलैत मात्र खालून काळं पाणी वाहू लागतं, जिन्यापर्यंत वास येतो, आणि एके रात्री कोणीतरी बादली गुपचूप वहाळात ओतून येतं.

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला, संपलेला असतो. पावसाळ्यातल्या खताचं काम फेब्रुवारीत सुरू करावं लागतं. हौद, पत्रे, जाळी हे सगळं त्यानंतरचं.

आधी हिशेब

एका घरातून रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. चाळीस घरांचा ३० ते ४० किलो होतो, आपण ३५ धरू. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निव्वळ पाणी असतं. खत नीट व्हायला ढिगात ओल ५० ते ६० टक्के लागते. त्याच्या वर गेली की फटींतली हवा जाऊन तिथे पाणी बसतं, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि ढीग खत होण्याऐवजी सडू लागतो. ३५ किलो कचऱ्याला १० ते १२ किलो सुका पातेरा मिसळला की ओल साठीच्या आसपास येते. नत्राच्या (नायट्रोजनच्या) पंचवीस-तीस पट कर्ब (कार्बन) हवा असतो, तोही पातेऱ्यातूनच मिळतो.

जून ते सप्टेंबर म्हणजे साधारण १२० दिवस. म्हणजे १२०० ते १४०० किलो पातेरा कोरडा साठवून ठेवायचा. तांदळाच्या मोठ्या पोत्यात चुरा करून दाबून भरला तर दहा किलोच्या आसपास बसतो, म्हणजे १२० ते १४० पोती झाली. आकडा ऐकून सभेत हसू येतं. पण त्यातली निम्मीच भरली तर व्यवस्था जुलैअखेर बंद पडते, इतकं हे गणित सरळ आहे.

पातेरा आंबा-काजूच्या बागांत पडलेलाच असतो. पण भातवाले तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, तो आधीच नेतात, तेव्हा बागायतदाराशी संक्रांतीनंतर लगेच बोलून ठेवावं. आंबा, काजू, फणस यांचं पान चिवट आणि वरून मेणचट असतं. अख्खं घातलं तर पत्रावळीसारखं एकावर एक बसतं आणि दोन पानांच्या मध्ये पाणी धरून राहतं. चुरा हवाच. गच्चीवर पसरून दुपारी दोन-तीनच्या सुमारास, पान कडक झालेलं असताना पायांनी तुडवावं. सकाळी दव असतं तेव्हा तेच पान नुसतं वाकतं, मोडत नाही.

पातेरा कमी पडला तर भाताचा तूस किंवा गिरणीतला लाकडाचा भुसा चालतो. भुशात कर्ब फारच जास्त असतो, म्हणून सुक्या मालाच्या चौथ्या हिश्शाच्या वर घालू नये. प्लायवूडचा भुसा अजिबात नको, त्यात डिंक असतो.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून रचावीत. उंदीर आले की मागोमाग साप येतात, आणि रत्नागिरीकडे फुरसं अशाच अडगळीत सापडतं. पोतं उचलण्याआधी काठीने हलवायचं, हातमोजे घालायचे, आणि अंधारात पोत्याला हात लावायचा नाही.

हौद

जमिनीत खड्डा खणू नये. इथला जांभा दगड सच्छिद्र असतो. खड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत विहिरीकडे जातं, आणि पावसात जमिनीतलं पाणी वर चढून खड्डा खालूनही भरतो. विहिरीपासून निदान ५० फूट दूर, जमिनीच्या वर बांधावं.

चाळीस घरांना चार फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच असे पाच हौद पुरतात. एक भरायला साधारण तीन आठवडे लागतात. पाचवा भरेपर्यंत पहिल्याला बारा आठवडे पिकायला मिळतात. उन्हाळ्यात आठ आठवडेही पुरतात, पावसात नाही. चिरे रचताना प्रत्येक थरात दोन-दोन इंचांच्या फटी सोडाव्यात आणि फटींना आतून अर्ध्या इंचाची जाळी लावावी, नाहीतर घूस आत घर करते. जोतं नऊ इंच उंच घ्यावं. तळाच्या कोब्याला चार फुटांत एक इंच उतार द्यावा आणि त्याच्या टोकाला नळी लावून पाणी झाकणाच्या पिंपात सोडावं. हे पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून माडाच्या आळ्यात घालता येतं, उघड्या गटारात सोडायचं नाही.

छपराकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होतं. इथला पाऊस वरून कमी आणि नैऋत्येकडून आडवा जास्त येतो. म्हणून त्या बाजूला छप्पर तीन फूट पुढे काढावं आणि जूनच्या आधी माडाच्या चुडतांचे विणलेले झाप उभे बांधावेत. झाप पाणी अडवतो आणि हवा येऊ देतो, प्लॅस्टिकची ताडपत्री हवाही अडवते. पागोळ्यांचं पाणी चर खणून दूर न्यावं. समुद्राजवळ साधे पत्रे स्क्रूच्या भोकांपाशी आधी गंजतात. मंगलोरी कौलं मिळत असतील तर तीच घालावीत.

भरणं

तळाशी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी घालून सहा इंचांचा थर द्यावा. उताणी ठेवली तर वाट्यांसारखं पाणी धरतात. त्यावर चार इंच पातेरा, त्यावर घमेलंभर जुनं खत किंवा ताजं शेण. रोजचा कचरा पसरायचा, त्याच दिवशीचा पातेरा त्यात फावड्याने मिसळायचा, आणि वर दोन इंच कोरडं पांघरूण. मिसळणं आणि पांघरूण ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं वर झाकून ठेवलं तर खाली चिखलाचा थर तसाच राहतो.

ढिगात लोखंडी सळी कायमची खोचून ठेवावी. ओढून काढल्यावर हातात धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या पुढे ऊब आहे, काम चांगलं चाललंय. कोमट असेल तर मूठभर माल घेऊन पिळावा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे, धार लागली तर पातेरा वाढवावा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडावं. (मार्च-एप्रिलमध्ये हेही लागतं.) आठ-दहा दिवसांनी एकदा खालवर करावं. पावसाळ्यात हे काम गमबूट आणि हातमोजे घालूनच करायचं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला भेग असली तर तेवढीही वाट त्याला पुरते.

मासळी

कोकणात खताची खरी परीक्षा बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी असते. माशाच्या डोक्यांत, आतड्यांत नत्र खूप असतं. ते वर पडलं तर तासाभरात कावळे, मांजरं आणि हिरव्या माश्या हजर. मासळीच्या बादलीला सुक्या चुऱ्याच्या तीन बादल्या, हे प्रमाण रोजच्या पातेऱ्याच्या वर धरावं. ढिगाच्या मध्यावर फूटभर खोल खळगा करून चुरा, मासळी, चुरा असं घालावं, वर दोन घमेली जुनं खत ओढावं. कडेला घालू नये, तिथे ऊब नसते. कोलंबीची सालं चालतात. तिसऱ्या, मुळे, कालवं यांच्या शिंपल्या कुजत नाहीत, त्या वेगळ्या ठेवाव्यात.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ऐन पावसात हा भार थोडा हलका होतो. फसगत होते ती ऑगस्टमध्ये. बोटी परत जातात, मासळी वाढते, आणि साठा नेमका तेव्हाच तळाला गेलेला असतो. शेवटची तीस पोती नारळी पौर्णिमेपर्यंत बाजूला बांधून ठेवावीत.

पाठोपाठ गौरी-गणपती येतात. चाकरमानी घरी आले की आठवडाभर कचरा दुप्पट होतो. निर्माल्यातले दोरे, जरी, थर्माकोल हाताने काढल्याशिवाय हार हौदात टाकू नयेत. मे महिन्यात फणसाच्या साली आणि आंब्याचे बाठे येतात. साली चिरून घालाव्यात, बाठे वर्षभरही तसेच राहतात, चाळणीत सापडतात. शहाळी हौदात नकोतच. चार फाका करून उन्हात वाळवावीत आणि माडाभोवती आच्छादन करावं. अख्खी पडून राहिली तर त्यांत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

बिघडलं तर

कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही: ढीग उपसून सुका चुरा मिसळत परत भरावा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर नत्र जास्त झालं, बहुधा मासळीचं: भुसा घालावा. राखाडी-तपकिरी, चपट्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नये. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात. पांढऱ्या, बारीक वळवळणाऱ्या अळ्या घरमाशीच्या. त्या दिसल्या म्हणजे पांघरूण पातळ पडतंय.

हे सगळं घरात कचरा वेगळा होत असेल तरच जमतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करायला सांगितलं होतं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून सुक्यात टाकाव्यात. पावसात ओलं प्लॅस्टिक कोणी घेत नाही. नीट वेगळं केल्यावर काय होतं ते पाहायचं तर वेंगुर्ल्याला जावं, तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागेचं पर्यटनस्थळ केलं आहे.

तयार खत गर्द तपकिरी असतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, आणि सळी थंड निघते. महिन्याला दोनशे किलोच्या आसपास मिळतं. अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळावं. वर राहिलेला भरड माल फेकायचा नाही. पुढच्या हौदाच्या तळाशी शेणाऐवजी तोच घालायचा.