वाडीला रस्ता आणि एसटी मागायची तर आधी डोकी मोजा

रस्त्याचे पुष्कळ अर्ज एका साध्या चुकीने अडकतात. अर्जात लोकसंख्या गावाची लिहिलेली असते आणि रस्ता हवा असतो वाडीला. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो, तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना वस्ती धरते. चौथ्या टप्प्यात 2011 च्या जनगणनेनुसार सपाट भागात 500 आणि पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात 250 लोकसंख्या लागते.

त्यामुळे पहिलं काम गावाच्या आकड्याची वाडीवार फोड करण्याचं. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाव नावाने शोधू नका, संकेत क्रमांकाने शोधा; एकाच तालुक्यात दोन पिंपळगाव सहज निघतात. गट ग्रामपंचायत असेल तर प्रत्येक गावाचा आकडा वेगळा घ्या. मग नमुना 8 मधली (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीतली) घरं वाडीवार मोजा आणि अंगणवाडीच्या कुटुंब पाहणीशी ताडून बघा.

समजा, गाव 780 चं आहे: गावठाण 470, वरची वाडी 190, खालची वाडी 120. एकेकटी वाडी कुठेच बसत नाही. पण योजनेच्या मूळ नियमात 500 मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात. दोन्ही वाड्यांत 400 मीटर अंतर असेल तर 310 होतात, म्हणजे आदिवासी भागात काम झालं, सपाटीवर नाही. अंतर अंदाजाने लिहू नका, नकाशावर मोजून लिहा. बारमाही रस्ता आधीच 500 मीटरच्या आत असेल तर वाडी जोडलेलीच समजतात.

ऊसतोडीच्या गावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. तेव्हा टोळ्या कारखान्यांवर असतात, आणि त्या पूर्ण काळात बाहेर असलेल्यांची नोंद ते जिथे होते तिथेच झाली. आकडा कमी वाटला तर ग्रामसभेच्या ठरावात हे कारण लिहा. ठरावाने जनगणनेचा आकडा बदलत नाही, पण एसटीच्या मागणीत ठराव उपयोगी पडतो.

एसटीचा हिशेब निराळा. आगार व्यवस्थापक लोकसंख्या विचारतील, पण बघतील भारमान, म्हणजे गाडी किती भरेल ते. म्हणून फाट्यावर तीन दिवस माणूस बसवा: बाजाराचा दिवस, शाळेचा साधा दिवस आणि रविवार. सकाळी 6 ते रात्री 8, दर तासाला वहीत रेघा: किती चढले, किती उतरले, वडापने (खासगी जीपने) किती, दुचाकीवर मागे बसून किती. विद्यार्थी, महिला आणि 75 वर्षांवरचे वेगळे मांडा. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा पूर्ण भाड्याच्या वडापमधल्या बायका एसटीकडे वळण्याची शक्यता जास्त. वेळ मागताना शाळेची घंटा आणि तालुक्याच्या कचेऱ्या उघडण्याची वेळ सांगा. ‘सकाळी एक, संध्याकाळी एक’ एवढंच लिहिलं तर गाडी आगाराच्या सोयीने येईल.

रस्ताही गाडीच्या मापाने बघा. बस साधारण अडीच मीटर रुंद असते. तीन मीटर डांबरावर समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी साइडपट्टीवर उतरणारच, आणि ती पावसाळ्यात खचलेली असली तर चालक नाही म्हणेल. गावात एका दमात वळायला सुमारे 25 मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर मागे घेऊन वळता येईल अशी जागा दाखवा. लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या पाहणीच्या आधीच काढून घ्या. फरशी पूल पाण्याखाली जात असेल तर लपवू नका. कोणत्या महिन्यात आणि किती तास, ते लिहा आणि त्या दिवसांत गाडी अलीकडच्या काठापर्यंत तरी मागा. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकासाठी खोली, पाणी आणि संडास ठरावातच नमूद करा.

अर्ज आगाराला द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.