खाज नसलेली सूज : कोणतं रक्त, कसं द्यायचं

कोथरूडच्या लॅबमध्ये मी रक्त घेते. ओठ, पापण्या सुजतात, पण खाज नाही, गांधी नाहीत, ॲलर्जीच्या गोळीने फरक नाही, अशा पेशंटला मी आधी विचारते: बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे का? त्या गोळ्यांनीही अशी सूज येते आणि खाली सांगितलेल्या रक्ततपासण्या नॉर्मल निघतात. डॉक्टरांना ते आधी सांगा. घसा सुजला असेल तर लॅब नको, थेट इमर्जन्सी गाठा.

अशी सूज आनुवंशिक अँजिओएडिमा या आजाराची आहे का, हे पाहायला चिठ्ठीवर सी-४, सी-१ इनहिबिटरचं (दोन्ही रक्तातली प्रथिनं) प्रमाण आणि त्या इनहिबिटरचं कार्य, तिन्ही लिहून घ्या. नुसतं प्रमाण पुरत नाही. या आनुवंशिक आजाराच्या दुसऱ्या प्रकारात ते नॉर्मल दिसतं, कार्य मात्र कमी असतं. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सूज आली, घरात कुणाला नाही, तर सी-१-क्यू या प्रथिनाची तपासणीसुद्धा. आनुवंशिक नसलेल्या, नंतर जडलेल्या प्रकारात ते बहुधा कमी येतं.

कार्याच्या तपासणीला सायट्रेटची (रक्त साकळू न देणारं रसायन), निळ्या झाकणाची नळी लागते. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, लवकर वेगळा करून गोठवावा लागतो. म्हणून माझा आग्रह असतो, घरी बोलावू नका, लॅबमध्येच या. एप्रिलच्या उन्हात नळी कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. कमी आला तर तपासणी पुन्हा करा.